फर्नेस तापून मध्येच बंद पडतेय? स्विच बदलायच्या आधी हवा कुठे अडतेय ते बघा

घर गरम करणारी फर्नेस चालू होते, पाच-सात मिनिटं मस्त गरम हवा येते, मग हळूहळू तीच हवा गार लागायला लागते, पंखा मात्र चालूच, थोड्या वेळाने परत पेटते, परत विझते, आणि थर्मोस्टॅटवरचा आकडा काही केल्या सेट केलेल्या तापमानाला पोचत नाही. असं होत असेल तर बहुतेक वेळा फर्नेस आतून जास्त तापतेय आणि लिमिट स्विच नावाचा एक छोटासा स्विच तिला बंद पाडतोय. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, दहातल्या नऊ जणांचा पहिला संशय त्या स्विचवर जातो आणि तो बिचारा आपलं काम करत असतो.

मला हे पैसे घालवून कळलं. आमच्याकडे हाच प्रकार सुरू झाला तेव्हा रिपेअरवाला आला, झाकण उघडलं, लिमिट स्विच बदलला, बिल हातात दिलं, गेला. तीन दिवस बरे गेले, कारण तेव्हा थंडीच जरा कमी होती आणि फर्नेस एका वेळी फार चालतच नव्हती. चौथ्या रात्री थंडी वाढली आणि परत तेच. मग दुसरा स्विच. परत तेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना, तसं. खरं कारण मी नंतर स्वतः ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा मोठा पंखा, बाहेर काढला तेव्हा सापडलं, त्याबद्दल खाली सांगतोच.

हे सगळं गॅसवर चालणाऱ्या आणि डक्टमधून, म्हणजे हवेच्या मोठ्या पाइपांतून, गरम हवा घरभर सोडणाऱ्या फर्नेसबद्दल आहे. इलेक्ट्रिक फर्नेस असेल तर ज्योत, चिमणी वगैरे भाग सोडून द्या, हवेचा भाग तसाच्या तसा लागू होतो. रेडिएटरवाला बॉयलर असेल तर मात्र हे तुमच्या कामाचं नाही.

आत नक्की काय चालतं

हे दोन मिनिटं वाचाच, नाहीतर नुसते पार्ट बदलत बसाल. थर्मोस्टॅटने गरम कर म्हटलं की आधी इंड्यूसर नावाचा छोटा पंखा सुरू होतो, तो जळलेला गॅस बाहेरच्या पाइपाकडे ढकलतो. प्रेशर स्विच बघतो की तो रस्ता मोकळा आहे. मग इग्नायटर लालभडक होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात, फ्लेम सेन्सर खात्री करतो की ज्योत खरंच लागलीय, आणि अर्ध्या-एक मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो. ज्योत आणि तिचा धूर हीट एक्स्चेंजरच्या पत्र्याच्या आतून जातो आणि घरातली हवा त्याच पत्र्याच्या बाहेरून जाते, दोन्ही एकमेकांत कधीच मिसळत नाहीत, मिसळायलाच नकोत, कारण जळलेल्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

म्हणजे बर्नर एका बाजूने उष्णता ओततोय आणि ब्लोअर दुसऱ्या बाजूने ती उचलून नेतोय. उचलून नेणारा कमी पडला की पत्रा तापत जातो. लिमिट स्विचच्या आत दोन धातूंची मिळून बनवलेली बशीसारखी छोटी चकती असते, ठरावीक तापमानाला ती टक् करून उलटी वाकते आणि सर्किट तुटतं, गॅस बंद. हे तापमान साधारण १६० ते २०० डिग्री फॅरनहाइटच्या आसपास असतं, म्हणजे अंदाजे ७० ते ९५ सेल्सियस, मॉडेलप्रमाणे बदलतं. गॅस बंद झाला तरी कंट्रोल बोर्ड ब्लोअर चालू ठेवतो म्हणजे आतली धग बाहेर जावी, आणि गार झालं की चकती आपोआप परत सरळ होते आणि सगळं चक्र पुन्हा सुरू. घरात बसून तुम्हाला एवढंच कळतं की पंखा चालू आहे आणि हवा गार येतेय.

आणि हे नुसतं वैतागाचं काम नाही. दर वेळी पत्रा प्रमाणाबाहेर तापतो, प्रसरण पावतो, मग आकसतो. वर्षभर हे चाललं तर हीट एक्स्चेंजरला तडा जाऊ शकतो, आणि तो पार्ट गेला की बऱ्याचदा अख्खी फर्नेसच बदलावी लागते. म्हणून 'चालतंय ना, मग चालू दे' असं करू नका.

हात लावायच्या आधी

गॅसचा वास येत असेल तर पुढचं काही वाचू नका, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, त्यामुळे त्याचा अलार्म घरात हवाच, निदान झोपायच्या खोल्यांच्या जवळ एक आणि प्रत्येक मजल्यावर एक. फर्नेस चालू असताना घरात एकापेक्षा जास्त लोकांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, तर ते सर्दीचं नाही, लगेच बाहेर पडा.

फर्नेस उघडताना तिच्या बाजूचा पॉवर स्विच बंद करायचा, मेन बोर्डवरचा ब्रेकरही पाडायचा. ब्लोअरच्या दाराच्या आत एक छोटा सेफ्टी स्विच असतो, दार काढलं की फर्नेस बंद. काही जण त्याला टेप लावून फर्नेस उघड्या दाराने चालवतात, तसं करू नका. आणि दार नीट बसलं नाही तर हाच स्विच फर्नेस बंद पाडतो, म्हणजे काहीच बिघडलेलं नसताना अर्धा दिवस डोकं खाजवत बसाल.

आधी घड्याळ लावा

खरंच लिमिटमुळेच बंद पडतेय का, हे आधी नक्की करा. थर्मोस्टॅट नेहमीपेक्षा चार-पाच डिग्री वर करा, फर्नेससमोर स्टूल टाकून बसा आणि मोबाइलवर वेळ लावा. बर्नर पेटले आणि तीन ते सात-आठ सेकंदांत विझले, तर ते तापण्याचं प्रकरणच नाही, फ्लेम सेन्सरवर काजळी बसलीय असं समजा, तो काढून बारीक स्टील वूलने पुसला की बहुतेक काम होतं. बर्नर पेटलेच नाहीत आणि नुसता इंड्यूसर घुमतोय, तर प्रेशर स्विच किंवा धुराचा पाइप बघायला हवा, नव्या हाय एफिशियन्सी फर्नेसमध्ये पाणी जायची नळी तुंबली तरी असंच होतं. बर्नर तीन-चार मिनिटांपासून दहा-पंधरा मिनिटांपर्यंत नीट जळले, मग अचानक एकदम सगळे विझले, ब्लोअर मात्र चालूच राहिला, तर लिमिट. आणि घर सेट तापमानाला पोचल्यावरच बंद पडत असेल, फक्त फार पटापट, तर फर्नेस गरजेपेक्षा मोठी आहे किंवा थर्मोस्टॅट चुकीच्या जागी लावलाय, थेट गरम हवेच्या झोतात वगैरे.

कंट्रोल बोर्डवर एक छोटा लाइट असतो, दारावरच्या बारीक काचेतून दिसतो, तो लुकलुकून कोड सांगतो. किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात बघा. कोड कंपनीप्रमाणे बदलतात म्हणून इथे आकडा देत नाही, तुमच्या दारावरचा तक्ता तोच खरा. 'लिमिट ओपन' अशा अर्थाचं काही लिहिलेलं सापडलं की आपण बरोबर रस्त्यावर आहोत. एक मात्र, पॉवर बंद करायच्या आधी कोड मोजा, बऱ्याच बोर्डांवर पॉवर गेली की कोड पुसला जातो आणि मग परत पहिल्यापासून वाट बघत बसावं लागतं.

खूप जुनी फर्नेस असेल तर बोर्डऐवजी एक गोल डायल दिसेल, त्यावर तीन काटे असतात, पंखा बंद कधी, पंखा चालू कधी आणि लिमिट कुठे. तो लिमिटचा काटा वर सरकवायचा मोह होईल. हात बांधून ठेवा.

फिल्टर, फिल्टर आणि परत फिल्टर

आता हवेच्या मागे लागायचं, जिथून हवा फर्नेसकडे येते तिथपासून जिथे खोलीत बाहेर पडते तिथपर्यंत. पहिला थांबा फिल्टर. बाहेर काढा आणि दिव्यासमोर धरा, उजेड आरपार दिसत नसेल तर हवा तरी कुठून जाणार. एक इंची जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा लागतो, घरात कुत्रा-मांजर असेल किंवा काही बांधकाम चालू असेल तर त्याच्याही आधी, चार-पाच इंची जाड फिल्टर सहा महिने ते वर्ष टिकतो.

आता यात एक मेख आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. फिल्टर नवा कोरा असला तरी तोच गुन्हेगार असू शकतो. फिल्टरवर मर्व्ह रेटिंग असतं, आकडा जितका मोठा तितकी बारीक धूळ अडते, पण साधारणपणे हवाही जास्त अडते. घरात कुणाला अॅलर्जी आहे म्हणून आपण प्रेमाने मर्व्ह १३ चा एक इंची फिल्टर आणून लावतो आणि आठवड्याभरात फर्नेस बंद पडायला लागते, आणि आपण म्हणतो की फिल्टर तर आत्ताच बदलला, मग तो कसा असेल. तोच असतो. जाड फिल्टरमध्ये घड्या खोल असल्यामुळे पृष्ठभाग खूप जास्त मिळतो, म्हणून तेच रेटिंग चार इंचीत चालतं आणि एक इंचीत गळा आवळतं. एक इंचीसाठी मर्व्ह ८ च्या आसपास राहिलेलं बरं.

खात्री करायची सोपी युक्ती अशी, फिल्टर पूर्ण काढून फर्नेस पंधरा-वीस मिनिटं चालवा. बंद पडली नाही तर फिल्टर हेच कारण, किंवा निदान मोठा वाटा त्याचा. पडली, तर पुढे चला. पण फिल्टरशिवाय कायमचं चालवू नका, सगळी धूळ सरळ ब्लोअरवर आणि कॉइलवर जाऊन बसेल आणि आजचा छोटा प्रश्न पुढच्या वर्षीचा मोठा होईल.

फिल्टरवर बाण असतो तो ब्लोअरकडे असायला हवा. आणि अजून एक, काही घरांत दोन फिल्टर असतात, एक फर्नेसजवळ आणि एक भिंतीवरच्या किंवा छतावरच्या रिटर्न जाळीच्या, म्हणजे खोलीतली हवा फर्नेसकडे परत ओढणाऱ्या जाळीच्या, मागे. आधीच्या घरमालकाने लावलेला तो दुसरा फिल्टर तुम्हाला माहीतच नसतो आणि तो वर्षानुवर्षं तिथे काळा होत पडलेला असतो. घरातली प्रत्येक मोठी जाळी उघडून एकदा बघाच.

खोल्यांमधली जाळी आणि डक्ट

वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट (गरम हवा सोडणाऱ्या जाळ्या) बंद केले की गॅस वाचतो असा एक समज आहे. फर्नेस किती खोल्या उघड्या आहेत ते बघून कमी जळत नाही, तिचे बर्नर तेवढीच उष्णता ओततात, फक्त ती बाहेर जायचे रस्ते तुम्ही कमी करता. एखाद-दुसरा व्हेंट बंद असला तर चालतं, पण चार-पाच बंद केले की लिमिट पडायला, म्हणजे त्या स्विचने गॅस बंद करायला, वेळ लागत नाही. सगळे उघडा. रिटर्न जाळीसमोर सोफा, पडदा, कपाट, कपड्यांचा ढीग काय असेल ते हलवा. रिटर्नवर कागदाचा एक तुकडा धरून बघा, चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय, गळून पडला तर मागे काहीतरी अडलंय.

मग डक्ट. मुख्य डक्टवर कुठेकुठे छोटा लोखंडी दांडा असतो, आत झडप असते. दांडा डक्टच्या दिशेने असला तर झडप उघडी, आडवा असला तर बंद. उन्हाळ्यात एसीची गार हवा वरच्या मजल्याला जास्त मिळावी म्हणून कुणीतरी खालच्या झडपा फिरवतं आणि मग विसरून जातं, हे अगदी नेहमीचं. फ्लेक्स डक्ट, म्हणजे वाकणारा मऊ डक्ट, असेल तर माळ्यावर जाऊन बघा, कुणी त्यावर खोकं ठेवून चेपलंय का, कुठे मुडपलाय का.

ब्लोअर, म्हणजे आमचं खरं दुखणं

थर्मोस्टॅटवर फॅन 'ऑटो'वरून 'ऑन' करा. ब्लोअर चालू झालाच नाही, किंवा नुसतं हूं हूं करून थांबला, तर प्रश्न तिथेच आहे. चालू झाला तरी लगेच निश्चिंत होऊ नका, कारण 'ऑन'वर बऱ्याच फर्नेस वेगळ्या स्पीडने चालतात आणि हीटिंगला वेगळ्या. हीटिंगची स्पीड चुकीच्या टर्मिनलला लावलेली असेल, उदाहरणार्थ मोटर किंवा बोर्ड बदलताना कुणी हीटिंगची वायर सगळ्यात कमी स्पीडला लावून ठेवली, तर फॅन 'ऑन'ला जोरात आणि हीटिंगला रडतखडत. वायरचा कुठला रंग कुठल्या स्पीडचा हे दारावरच्या आकृतीत असतं.

जुन्या प्रकारच्या मोटरला डब्यासारखा एक कपॅसिटर असतो. तो अशक्त झाला की मोटर फिरते पण पूर्ण ताकदीने नाही, आणि हे नुसतं बघून कळत नाही. त्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो आणि किती टक्के इकडेतिकडे चालेल तेही, बहुधा ५ किंवा ६ टक्के. पॉवर बंद करून, त्याच्यातला साठलेला करंट आधी उतरवून, वायर काढून कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरने मोजा. १० लिहिलंय आणि ७.५ येतंय तर तो बदला, स्वस्तातला पार्ट आहे. करंट उतरवणं म्हणजे काय हे माहीत नसेल तर मात्र याला हात लावू नका, चांगलाच झटका बसतो.

आता आमच्याकडचं सांगतो. फिल्टर नवा, व्हेंट उघडे, कपॅसिटर बरोबर, मोटरचा आवाजही ठीक. मग टॉर्च घेऊन ब्लोअरच्या तोंडातून आत बघितलं. ब्लोअरचं चाक म्हणजे पिंजऱ्यासारखं गोल ड्रम असतं, त्याला कडेने बारीक उभी पाती, प्रत्येक पातं चमच्यासारखं आतून खोलगट. त्या खोलगटपणानेच हवा पकडली जाते. आमच्या चाकाची पाती सपाट दिसत होती. मी आधी म्हटलं ही डिझाइनच अशी असेल. मग बोटाने खरवडलं तर करड्या रंगाचा थर निघाला, नमद्यासारखा घट्ट, आणि त्याच्याखाली खरं पातं. म्हणजे चाक फिरत होतं पूर्ण वेगाने, आवाज येत होता नेहमीचा, पण हवा पकडायला खोलगट भागच शिल्लक नव्हता. आधी कधीतरी बरेच महिने फिल्टर न लावता फर्नेस चालली असणार.

साफ करायचं असेल तर पॉवर बंद, दार काढा, बोर्ड आडवा येत असेल तर तोही सोडवा, वायर काढायच्या आधी तीन-चार बाजूंनी फोटो काढा, मग ब्लोअरचं घर बहुतेक वेळा दोन-तीन बोल्टांवर असतं, ते काढलं की ड्रॉवरसारखं पुढे सरकतं. जड असतं, पायावर पाडून घेऊ नका, आणि पत्र्याच्या कडा हात कापतात म्हणून ग्लोव्ह्ज घाला. जुना टूथब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर, एकेक पातं. मला पावणेदोन तास लागले आणि अर्धी बादली धूळ निघाली. पात्यांवर कुठे छोटी क्लिप अडकवलेली दिसली तर ती काढू नका, ती तोल सांभाळायला असते, काढली तर अख्खी फर्नेस थरथरायला लागेल. मोटरवर पाणी मारू नका.

ब्लोअरच्या बाबतीतली अजून एक बारीक गोष्ट. बर्नर बंद झाल्यावर ब्लोअर अजून थोडा वेळ चालायला हवा, उरलेली धग काढून टाकायला. तो लगेच बंद होत असेल तर पत्र्यातली धग वर चढते आणि लिमिट पडतो, म्हणजे काम संपल्यावर कोड येतो. हा वेळ बऱ्याच बोर्डांवर छोट्या स्विचनी कमीजास्त करता येतो, मॅन्युअलमध्ये सेकंद दिलेले असतात.

कॉइल

एसी पण त्याच डक्टवर असेल तर बहुतेक वेळा फर्नेसच्या वर त्याची कॉइल असते, तंबूसारखी उलटी व्ही आकाराची. हवा खालून वर जाते त्यामुळे कचरा साठतो कॉइलच्या खालच्या बाजूला, जी वरून दिसत नाही. म्हणजे पॅनल उघडून वरून बघाल तर चकचकीत आणि खालून बघाल तर घोंगडी. छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा आत घालून खालून फोटो काढा. मऊ ब्रशने पातळ पत्र्यांच्या उभ्या दिशेनेच झाडायचं, आडवं घासलं की ते पत्रे दुमडतात. डब्याला पॅनलच नसेल, सगळं सील असेल, तर हे काम मेकॅनिकला द्या, तिथे एसीच्या गॅसच्या पाइपांना धक्का लागला तर भलतंच होऊन बसेल.

थर्मामीटरचा हिशोब

मला वाटतं या सगळ्यात सगळ्यात कमी केली जाणारी आणि सगळ्यात उपयोगाची तपासणी ही आहे. फर्नेसच्या आत एक पट्टी चिकटवलेली असते, त्यावर 'टेम्परेचर राइज' असा एक पट्टा दिलेला असतो, उदाहरणार्थ ४० ते ७० डिग्री फॅरनहाइट. म्हणजे आत येणारी हवा आणि बाहेर जाणारी हवा यांच्यात एवढाच फरक असायला हवा. स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर चालतो. एक रिटर्नच्या डक्टमध्ये, एक सप्लायच्या, म्हणजे गरम हवा नेणाऱ्या, डक्टमध्ये, पण हीट एक्स्चेंजरच्या अगदी समोर नको कारण त्याची सरळ धग लागून आकडा फुगतो, जरा वळणाच्या पुढे घ्या. दहा मिनिटं चालल्यावर वाचा, त्याआधीच बंद पडत असेल तर पडायच्या जरा आधीचा आकडा घ्या.

आमच्याकडे आत ६८, बाहेर १५२, फरक ८४. पट्टीवर वरची मर्यादा ७०. ब्लोअर साफ केल्यावर आत ६८, बाहेर १२६, फरक ५८. स्विच तोच, गॅस तोच.

हवा किती जातेय तेही यावरून काढता येतं. फर्नेसने तासाला दिलेली उष्णता बीटीयूमध्ये (हे उष्णतेचं माप) घ्या आणि तिला १.०८ गुणिले फरकाने भागा, उत्तर येतं सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. आमची इनपुट ८०,००० आणि ८० टक्केवाली, म्हणजे आउटपुट ६४,०००. फरक ८४ असताना साधारण ७०५ सीएफएम, फरक ५८ असताना साधारण १,०२०. जवळपास एक तृतीयांश हवा त्या धुळीने खाल्ली होती. हे गणित केलं असतं तर दोन स्विचचे पैसे वाचले असते.

फरक पट्टीवरच्या मर्यादेत असूनही लिमिट पडत असेल तरच स्विचवर संशय घ्या. आणि फरक जास्त आहे पण हवा सगळीकडून मोकळी आहे, तर गॅस जास्त जातोय का ते बघायला हवं. नॅचरल गॅसला मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे बर्नरला जाणाऱ्या गॅसचा दाब, साधारण ३.५ इंच वॉटर कॉलम (हे दाबाचं माप) असतं, प्रोपेनला साधारण १०, आणि गॅसचा प्रकार बदलताना बर्नरचे जेट बदलायचे राहिले असतील तर ज्योत भलतीच मोठी होते. हे काम मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, असलेल्या टेक्निशियनचं, गॅस व्हॉल्व्हचा स्क्रू स्वतः फिरवू नका, प्लीज.

लिमिट स्विच कसा तपासायचा

पॉवर बंद, फर्नेस पूर्ण गार, स्विचच्या दोन्ही वायर काढा, मल्टिमीटर ओहमवर. गार असताना जवळपास शून्य यायला हवं. आकडाच येत नसेल, शून्यसुद्धा नाही, म्हणजे सर्किट उघडं असेल, तर स्विच गेला, बदला, पण अगदी त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच लांबीचा घ्या. वारंवार पडून पडून तो म्हातारा होतो आणि मग लवकर पडायला लागतो हेही खरं आहे, पण तो म्हातारा का झाला ते शोधल्याशिवाय नवा लावण्यात काही अर्थ नाही. आमचे काढलेले दोन्ही स्विच मी ठेवून घेतले होते, नंतर मीटर लावून बघितलं, दोन्ही ठणठणीत.

लिमिटच्या दोन वायर एकत्र जोडून फर्नेस चालवून बघू, असा सल्ला कुणीतरी देईलच. अजिबात नको. आगीपासून वाचवणारी ती शेवटची गोष्ट आहे.

बर्नरच्या जवळ अजून एक-दोन स्विच असतात, मधोमध छोटं बटण असलेले, त्यांना रोलआउट स्विच म्हणतात. ज्योत आत जायच्या ऐवजी बाहेर आली की ते पडतात आणि आपोआप परत चालू होत नाहीत, बटण दाबावं लागतं. हा पडला असेल तर दाबून दाबून चालवू नका, धुराचा रस्ता तुंबलाय किंवा हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय अशी शक्यता असते. ब्लोअर सुरू झाल्याबरोबर ज्योत हलायला लागली, निळी असायची ती पिवळी व्हायला लागली, तरी तेच. फर्नेस बंद, गॅसचा कॉक बंद, टेक्निशियन.

टेक्निशियनला बोलवायची वेळ आलीच तर फोनवर नुसतं 'बंद पडतेय' म्हणू नका. किती मिनिटांनी पडते, लाइट किती वेळा लुकलुकतो, आत-बाहेरचं तापमान किती, फिल्टर काढून काय झालं, एवढं सांगा. आणि आल्याबरोबर त्याने लिमिट स्विचचं खोकं काढलं तर शांतपणे विचारा, टेम्परेचर राइज मोजलं का, स्टॅटिक प्रेशर, म्हणजे डक्टमधल्या हवेचा दाब, किती येतंय. बऱ्याच फर्नेस ०.५ इंच वॉटर कॉलमला धरून बनवलेल्या असतात, त्याच्या दीडपट-दुप्पट आकडा आला तर हवा कुठेतरी अडलीय हे त्यालाही मान्य करावं लागतं.